बोट लागते

‘‘माका बोट लागता,’’ आई म्हणाली आणि तिने हातातली घेवड्याची शेंग मोडली. तिच्या लेखी विषय तिथेच संपला.

ती तीन महिन्यांसाठी माझ्याकडे इंग्लंडला, रेडिंगला आली होती. गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही, जिने नकोसे होतात, आणि घरात बसवून ठेवलं तर ती माझी कपाटं आवरायला घेते. म्हणून मी क्रूझचं ठरवलं होतं. साउदम्प्टन आमच्यापासून तासाभरावर. तिथे जहाजात बसायचं, सात रात्री नॉर्वेच्या फ्योर्डांमधून हिंडायचं आणि परत तिथेच उतरायचं. सामान एकदाच उघडायचं, एकदाच भरायचं. खोली आपली, आणि गाव बदलेल ते खिडकीबाहेर. शहात्तरीच्या बाईला याहून सोपा प्रवास मला सुचत नव्हता.

मराठीत बोट दोनदा लागते. पोटात ढवळून येतं तेव्हा लागते, आणि बंदरात येऊन उभी राहते तेव्हाही लागते. आईच्या लहानपणी हे दोन्ही अर्थ एकाच प्रवासात भेटायचे. तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, परळच्या गिरणीत. दिवाळी झाली की आजी तिला घेऊन मुंबईला निघायची. मुंबईच्या बाजूला भाऊचा धक्का, इकडे देवगड. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले: ही बंदरं ती अजून पाढ्यासारखी म्हणते. पावसाळ्यात बोटी बंद. पावसाळा सरला की पहिल्या बोटीची वाट अख्खं गाव बघायचं. आणि त्या बोटीवर चढल्यापासून उतरेपर्यंत आई डेकवर चटईवर पडून असायची, उशाला वळकटी, नाकाला लिंबू. ‘‘डोळे उघडले तर आकाश हलायचं, मिटले तर पोट,’’ हे तिचं वर्णन मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

मी तिला समजावलं की आताच्या जहाजांना पंख असतात. दोन्ही कुशींतून पाण्याखाली माशाच्या परांसारखे बाहेर येतात, लाट जहाजाला एका अंगाला कलवायला लागली की ते उलट्या अंगाला जोर लावतात. शिवाय मी केबिन मुद्दाम मधल्या भागातली, खालच्या डेकवरची घेतली होती. झोपाळा टोकाला जास्त झुलतो, आसाजवळ कमी, तसंच हे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि वेगळंच विचारलं.

‘‘होडये किती आसत? सगळ्यांका पुरतले?’’

माझ्या लक्षात आलं. तिचा जन्म 1947 चा. त्याच वर्षी 17 जुलैला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती तेव्हा काही महिन्यांची. पण कोकणात त्या पिढीच्या प्रत्येकाने ‘रामदास’ घरात ऐकलेली असते. बोटीत पाय ठेवताना आजी आधी हात जोडायची, मग चढायची.

सगळ्यांना पुरतील इतक्या होड्या आहेत, मी म्हटलं. 10 एप्रिल 1912 ला टायटॅनिक याच साउदम्प्टनहून निघाली. तिच्यावर 2200 च्या वर माणसं होती आणि होड्यांत जागा होती 1178 जणांची. त्यानंतर जगाने नियम केला, की जहाजावर जितकी माणसं तितक्यांना होडीत नाहीतर तराफ्यावर जागा हवी. टायटॅनिकवर राबणारी बहुतेक माणसंही साउदम्प्टनचीच होती. तिथल्या कित्येक गल्ल्यांमध्ये घरटी सुतक होतं. हे आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘चल तर.’’

आमच्या केबिनला खिडकी होती, पण खिडकीबाहेर एक भलीमोठी नारिंगी जीवरक्षक होडी टांगलेली. समुद्र दिसायचा तो तिच्या वरून नि खालून, फाटलेल्या पडद्यातून दिसावा तसा. म्हणून तर ती केबिन स्वस्त मिळाली होती. मी जरा ओशाळले. आईने मात्र खिडकीशी जाऊन त्या होडीकडे नीट पाहून घेतलं, तिच्या पोटाखालचे पंखे, दोन्ही टोकांचे जाड तारदोर. ‘‘बरा झाला. समोरच आसा,’’ ती म्हणाली. आठवडाभर ती सकाळी उठली की पहिल्यांदा त्या होडीकडे बघायची. जहाजावर समाधान कुणाला कशात मिळेल ते आधी सांगता येत नाही. वर गच्च्या असलेल्या मोठ्या केबिन होत्या, त्यांचे पैसे आमच्या तिप्पट. त्यांच्या खिडकीत ही होडी नव्हती.

सुटण्याआधी धोक्याच्या सूचनेची तालीम झाली. सात आखूड भोंगे आणि एक लांब. पुष्कळ लोक फोनमध्ये डोकं घालून उभे होते. आई जाकिटाचे पट्टे कसे बांधायचे ते एखाद्या शाळकरी मुलीसारखं बघत होती, आणि केबिनमध्ये आल्यावर तिने जाकीट काढून पुन्हा एकदा स्वतः बांधून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. सावळा, तिशीचा, केस चापून बसवलेला तरुण, छातीवर नावाची पट्टी आणि नावाखाली देशाचं नाव: भारत. आमच्या केबिनची देखभाल त्याच्याकडे होती. तो आत आला आणि थबकला. अंथरूण आवरलेलं होतं. चादरी कोपऱ्याला कोपरा लावून घड्या केलेल्या, उश्या एकावर एक, ओले टॉवेल पिळून खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले, न्हाणीघराची फरशी कोरडी पुसलेली. आई खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसली होती, कोणीतरी परीक्षा घ्यायला यावं तशी.

त्याने इंग्रजीत तिचे आभार मानले आणि हे त्याचं काम आहे, असं सांगितलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्यात तिला काय दिसलं कोण जाणे, तिने थेट मालवणीत विचारलं, ‘‘खयचो रे तू झिला?’’

त्याचा चेहरा क्षणभर कोरा झाला, आणि मग उजळला. ‘‘हांव कुंकळ्ळीचो,’’ तो म्हणाला. साष्टीतलं कुंकळ्ळी. ‘‘आनी तुमी?’’

‘‘देवगडची.’’

देवगड आणि कुंकळ्ळी ही तशी दोन टोकं. बोली वेगळी, देव वेगळे, ताटातलंही थोडं वेगळं. पण इंग्लिश खाडी ओलांडून उत्तर समुद्रात शिरलेल्या जहाजावर ती दोन्ही एका वाडीतली झाली. पहिल्या दोन वाक्यांत तो तिला ‘आंटी’ म्हणाला, तिसऱ्या वाक्यात ‘मांय’.

‘‘मांय, हें म्हजें काम. तूं केलें जाल्यार हांव कितें करूं?’’

‘‘माझ्या हातापायांका काय झालाहा? माका कोणी अंथरूण घालून दिलेला आवडणा नाय.’’

तो हसला, पण हटला नाही. तिच्या घड्या त्याने अलगद उचलल्या, मोडल्या नाहीत, बाजूला ठेवल्या, आणि कोरी चादर काढून एका झटक्यात हवेत अशी उडवली की ती पलंगावर सगळीकडून सारखी उतरली. गादीचा कोपरा उचलायचा, चादर खाली सरकवायची, बाजूची पट्टी वर घेऊन दुमडायची आणि पुन्हा खाली खोचायची. चार कोपरे, चार वेळा तेच, एकही सुरकुती नाही. मग तळव्याने मधोमध एकदा खालून वर फिरवलेला हात. आई उठून जवळ जाऊन बघायला लागली. तिने आयुष्यभर अंथरुणं घातली आहेत. आपल्याहून हे चांगलं झालं आहे, हे तिला कळलं, आणि तिने ते सांगितलंही. त्याला ते किती आवडलं ते त्याच्या कानांपर्यंत दिसलं.

तरी रोज सकाळी अंथरूण आवरलेलंच असायचं. रोज तो ते पुन्हा घालायचा. त्यांच्यात ही एक रीत पडून गेली.

मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की आईला कुणाकडून काही करून घेणं किती जड जातं. तिच्या पिढीच्या बायका दुसऱ्यांच्या ताटात वाढत आल्या. आपल्या ताटात कुणी वाढलं तर त्यांचे हात रिकामे पडतात आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. जाहिरातीत क्रूझचं सुख म्हणजे तरणतलाव, लांबच लांब जेवणं, मऊ टॉवेल. आईच्या बाबतीत सुख येण्याआधी संकोच जायला हवा होता, आणि तो जायला चार दिवस लागले.

पहिल्या रात्री जेवणाचा घोटाळाच झाला. आई शाकाहारी आहे हे मी तिकीट काढतानाच कळवलं होतं, ते वरच्या कुठल्या तरी कागदावर अडकून राहिलं असावं. मोठ्या झुंबराखाली, पांढऱ्या चादरीच्या टेबलावर तिच्यापुढे उकडलेल्या भाज्या आल्या. तिने त्या मुकाट्याने खाल्ल्या. मला राग आला होता. पण आमच्या टेबलाला वाढणारा फिलिपिनो तरुण आणखी एक गोष्ट बघत होता. आईने बर्फाचं पाणी बाजूला सरकवून गरम पाणी मागितलं होतं, तेही अगदी हळू, ‘‘मिळालं तर’’ म्हणून. दुसऱ्या रात्री आम्ही बसायच्या आधी तिच्या ताटाशेजारी छोट्या किटलीत गरम पाणी होतं. तिसऱ्या रात्री किटली तिच्या उजव्या हाताला सरकली होती, कारण आदल्या दिवशी तिला ती ओढून घ्यावी लागली होती. कुणी काही सांगितलं नव्हतं. आई किटलीच्या कानावर बोट ठेवून म्हणाली, ‘‘ह्याने ध्यानात ठेवल्यान.’’

आणि त्याच तिसऱ्या रात्री वरणभात आला. पिवळं वरण, वर तूप नव्हे पण लोणी, बाजूला लिंबाची फोड आणि आंब्याच्या लोणच्याची एक चिमुकली वाटी. कुंकळ्ळीच्या मुलाने खाली भटारखान्यात सांगितलं होतं. तिथे एक आपल्याकडचा आचारी होता, आणि जहाजावर काम करणाऱ्यांच्या जेवणात डाळभात रोज असतोच. आमच्यापुढे आलेला तो त्यांच्या पातेल्यातला होता. त्या झुंबराखाली मी पुष्कळ चांगले पदार्थ खाल्ले, त्यांची नावं मला आठवत नाहीत.

गंमत अशी, की बोट आईला लागलीच नाही. ती मला लागली.

उत्तर समुद्र ओलांडताना रात्री वारा वाढला. पंख होते, केबिन मधली होती, तरी कपाटातले हँगर एका लयीत वाजायला लागले. मी भिंत धरून न्हाणीघरात गेले ती तिथेच बसून राहिले. आईने माझं कपाळ धरलं. ओकारी येताना कपाळ धरणारा हात असला की निम्मं दुखणं कमी होतं. माझं कपाळ तिने कदाचित तीस वर्षांनी धरलं असेल. मग तिने दार उघडून कॉरिडॉरमध्ये डोकावून पाहिलं, तर कुंकळ्ळीचा मुलगा तिथेच, चादरींची गाडी ढकलत. पाच मिनिटांत तो दोन हिरवी सफरचंदं आणि आल्याची बिस्किटं घेऊन आला. जहाजावरची माणसं बोट लागण्यावर हिरवं सफरचंद देतात, जसं आमच्याकडे लिंबू किंवा आवळासुपारी. आईने सफरचंदाच्या पातळ फोडी केल्या आणि एकेक मला भरवली. दारात उभा राहून तो तिला सांगत होता, की त्यालाही पहिल्या करारात अकरा दिवस बोट लागली होती, आणि तरी काम चुकवता आलं नव्हतं.

त्या रात्री मी डोळे मिटून पडून होते आणि ती दोघं दारात उभ्याउभ्या बोलत होती. मला अर्धं ऐकू येत होतं. त्याचे वडील जहाजावर होते, आजोबाही. गोव्यात अशा माणसाला तारवटी म्हणतात, तारवावर काम करणारा. इंग्रजांच्या आगबोटींवर गोव्याची माणसं खानसामे, बटलर, आचारी म्हणून शंभराहून अधिक वर्षं राबली. त्याच बोटींच्या डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी असत. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी हे आपले शब्द गोऱ्या कप्तानांच्या वह्यांत उतरले ते या माणसांमुळे. त्याचे आजोबा दोन जहाजांच्या मधल्या दिवसांत मुंबईला धोबीतलावच्या कुडात राहत. कूड म्हणजे गावाची खोली: गावातल्या कुणीही यावं, पेटी भिंतीशी ठेवावी, जहाज मिळेपर्यंत राहावं, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणावा.

‘‘आमचे बाबाय तशेच,’’ आई म्हणाली. ‘‘परळाक गावकीच्या खोलयेत. पाळीपाळीन निजायचे. एक उठलो काय दुसरो निजायचो.’’

मग बराच वेळ दोघं काही बोलली नाहीत. हँगर वाजत राहिले.

‘‘तू किती निजतंस?’’ तिने विचारलं.

तो म्हणाला, पुरेसं. नियम आहे: 2006 च्या सागरी कामगार करारात चोवीस तासांत कमीत कमी दहा तास विश्रांती लिहिलेली आहे, आठवड्याला 77 तास. पण ते दहा तास दोन तुकड्यांत देता येतात, त्यातला एक सलग सहा तासांचा असला की झालं. सकाळी केबिनी, दुपारी थोडी सुटी, संध्याकाळी लोक जेवायला गेले की पुन्हा केबिनी, पडदे ओढायचे, चादर एका कोपऱ्याने उलटून ठेवायची, उशीवर चॉकलेट. आठवड्याची सुटी नाही, कारण जहाजाला रविवार नसतो. त्याच्याकडे अठरा केबिनी होत्या. घरी बायको आणि दोन वर्षांची मुलगी. करार नऊ महिन्यांचा, पाच झाले होते.

‘‘सहा तास,’’ आई म्हणाली. ‘‘जा, नीज आता.’’

गायरांगरला आम्ही सकाळी पोचलो. त्या फ्योर्डाबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं, पण त्याची शांतता वाचून कळत नाही. दोन्ही बाजूंनी काळे कडे थेट पाण्यात उतरलेले, वर बर्फ, मधून पंधरा किलोमीटरची ती अरुंद पाण्याची वाट. एवढं मोठं जहाज, आणि आवाज फक्त पाणी कापल्याचा. एका कड्यावरून सात धारा शेजारीशेजारी पडतात, त्यांना सात बहिणी म्हणतात. आईला आंबोली आठवली. इतक्या उंचावर कड्याच्या कपारीत एकदोन लाकडी घरं दिसत होती, आता ओस पडलेली. तिथे माणसं शेती करत, शेळ्या पाळत. ‘‘बाळंतपणाक काय करी असतील?’’ तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

तेवढ्यात तिने माझं कोपर धरलं आणि खाली बोट दाखवलं. जहाजाच्या नाळेवर, आपल्याला जिथे जाता येत नाही अशा उघड्या जागेत, तिथली माणसं जमली होती. कुणी पांढऱ्या डगल्यातले आचारी, कुणी डांगरी घातलेले इंजिनातले, कुणी आमच्या टेबलाला वाढणारे. प्रत्येकाच्या हातात फोन, आणि फोन घराकडे लावलेला. कड्यांकडे पाठ करून ते स्वतःला आणि मागच्या धबधब्याला एकत्र दाखवत होते. आपला कुंकळ्ळीचा मुलगाही त्यात होता. तो फोन एकदा धबधब्याकडे वळवायचा, एकदा तोंडाकडे, पुन्हा धबधब्याकडे. दोन वर्षांच्या मुलीला सात बहिणी दाखवत असावा. दहा मिनिटांनी तिथे कुणी नव्हतं. नंतर त्याने सांगितलं, की तीन उन्हाळे तो गायरांगरला येतो आहे आणि जमिनीवर एकदाच उतरला आहे, तासभर.

तिथे धक्का लहान आहे, म्हणून आमच्या जहाजाने मध्येच नांगर टाकला आणि छोट्या होड्यांतून लोकांना किनाऱ्यावर नेत होते. आम्ही खाली गेलो. जहाजाच्या पोटात एक दार उघडलेलं, त्याबाहेर एक छोटा तरंगता ओटा, आणि ओट्याला टेकून होडी, वीतभर वर, वीतभर खाली होणारी. रांग थांबली. आई पुढे झाली आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती गायरांगरमध्ये नव्हती.

देवगडला बोट खोल पाण्यात थांबायची. काळोखात किनाऱ्यावरून पडाव यायचे, कंदील हलत हलत. बोटीच्या अंगाला शिडी, शिडीखाली पडाव, आणि मधे काळं पाणी. एक खलाशी एक पाय पडावावर आणि एक शिडीवर ठेवून उभा असायचा. पडाव लाटेने वर आला की तो ओरडायचा, ‘आता!’ त्या एका क्षणात पाय टाकायचा. चुकलं तर पुढच्या लाटेची वाट. लहान मुलांना तर हातोहात फेकत. आई सांगते, तिला त्या माणसाचं तोंड कधी दिसलं नाही. हात मात्र ओळखीचा झाला होता: मनगटाला मनगट लावून धरणारा, खरखरीत, खाऱ्या वासाचा, आणि इतका घट्ट की दुसऱ्या दिवशी वळ राहायचा.

होडीतल्या खलाशाने हात पुढे केला. तो इंडोनेशियाचा होता. त्याने तिचा पंजा धरला नाही. मनगटाच्या वर धरलं, आणि तिच्या बोटांनी आपोआप त्याच्या मनगटाला विळखा घातला. कुणीही तिला सांगितलं नव्हतं. ओटा खाली गेला, होडी वर आली. त्याने तोंडाने काही म्हटलं नाही, नुसती मान हलवली. आई पाय टाकून होडीत होती. मागून माझी घाई झाली आणि माझा पाय घसरला.

होडीत बसल्यावर तिने आपलं मनगट बराच वेळ दुसऱ्या हाताने धरून ठेवलं होतं. ‘‘तोच हात,’’ एवढंच ती म्हणाली.

त्या रात्री दिवेलागण झालीच नाही. अकरा वाजून गेले तरी आकाशात उजेड होता, भाताच्या पेजेसारखा. आईला तिन्हीसांजेला हात जोडायची सवय. ती खिडकीशी वाट बघत बसली, मग नारिंगी होडीकडे बघून हात जोडून टाकले.

बर्गनला पाऊस भेटला. ते शहर पावसासाठीच प्रसिद्ध आहे. जुन्या बंदरावरची ती रंगीत लाकडी घरं भिजत उभी होती आणि पर्यटक त्रासिक चेहऱ्याने छत्र्या सावरत होते. आई मात्र खुशीत होती. छपराच्या पागोळ्यांखाली हात धरून ती म्हणाली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा घरासारखं वाटतंय.

जहाजावर तक्रारी पुष्कळ ऐकू यायच्या. सूप कोमट होतं, लिफ्टला वेळ लागतो, नाटकाच्या सभागृहात मागे बसावं लागलं. तरणतलावाशेजारच्या आरामखुर्च्यांवर लोक पहाटेच टॉवेल टाकून जायचे आणि दुपारपर्यंत फिरकायचे नाहीत. आईने ते पाहिलं तेव्हा तिला कोकणबोटीचा डेक आठवला. तिथेही चटई पसरून जागा धरत. पण लेकुरवाळी बाई आली की चटईचं टोक दुमडलं जायचं, बोट लागलेल्या माणसाला वाऱ्याची बाजू मिळायची. मला वाटतं, पैसे मोजून सेवा विकत घेतली की शेजारच्याला जागा करून द्यायची आपली सवय सुटते, आणि हे नुकसान कुठल्याच बिलात दिसत नाही. एका संध्याकाळी शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी बटाटे गार आहेत म्हणून त्या फिलिपिनो तरुणाला सगळ्यांदेखत झापलं. तो मान खाली घालून ‘हो सर’ म्हणत राहिला. त्यानंतर तो आमच्या टेबलाशी आला तेव्हा त्याच्या हातातली किटली किंचित थरथरत होती. आईने ती त्याच्या हातून घेतली, त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि मराठीत म्हणाली, ‘‘बस जरा.’’ त्याला बसणं शक्य नव्हतं, आणि मराठी कळत नव्हतं. पण तो थांबला, खोल श्वास घेतला आणि मग पुढच्या टेबलाकडे गेला.

एकदा दुपारी कॉरिडॉरच्या टोकाचं ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ लिहिलेलं दार उघडं राहिलं होतं. आमच्या बाजूला जाड गालिचा, पिवळा उजेड, भिंतीवर चित्रं. दारापलीकडे उघडं लोखंड, पांढरा रंग, छताला नळ, आणि चादरींच्या गाड्या घेऊन पळणारी माणसं. मधे फक्त उंबरठा. दार आपोआप मिटलं.

शेवटच्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या होत्या. आईने आपल्या पिशवीतून देवगडहून आणलेली आंबापोळी काढली, जी तिने माझ्या मुलांसाठी राखून ठेवली होती. तिचे दोन भाग केले. एक कुंकळ्ळीच्या मुलासाठी, एक किटलीवाल्यासाठी. मीही पाकिटांत पैसे घालून दिले. कुंकळ्ळीच्या मुलाने पाकीट खिशात ठेवलं आणि आंबापोळी नाकाशी धरली. प्रवाशांनी भरायच्या कार्डावर मी दोघांचीही नावं लिहिली, अक्षर नीट काढून, कारण त्याने आधी कधीतरी सांगितलं होतं की नाव लिहिलेलं असलं तर पुढच्या कराराला उपयोग होतो. तुम्ही कधी गेलात तर तेवढं कार्ड रिकामं ठेवू नका.

सकाळी साडेसहाला जाग आली ती हादऱ्याने. इंजिनाचा आवाज बदलला होता, बाहेर क्रेनी दिसत होत्या, आणि जाड दोर धक्क्यावर फेकले जात होते. आई खिडकीशी उभी होती.

‘‘बोट लागली गो!’’

नऊ वाजेपर्यंत आम्ही उतरायचं, दुपारी नवे लोक चढायचे. मधल्या वेळात त्याने अठराच्या अठरा केबिनी कोऱ्या करायच्या. तो आला तेव्हा आईने अंथरूण आवरलेलं नव्हतं, पार उतरवलं होतं. चादरी काढून त्यांचं गाठोडं बांधलेलं, उश्यांचे अभ्रे वेगळे, टॉवेल वेगळे, ब्लँकेटं घडी करून पायथ्याशी, गादी उघडी. ती कोरी चादर हातात घेऊन पलंगाच्या एका बाजूला उभी होती.

त्या दिवशी त्याने तिला अडवलं नाही. तो दुसऱ्या बाजूला गेला आणि त्याने चादरीची दोन टोकं धरली.